शेतात उतरलेले विमान

आमची नात बारावी झाली आणि म्हणाली, "आजी, मला वैमानिक व्हायचंय." सूनबाईंचा चेहराच उतरला. "अगो, वर इंजिन बंद पडलं तर?" हा प्रश्न आठवडाभर घरात फिरत होता. शेवटी मीच वाचावयास बसले. स्मरणिकेला लेखही हवाच होता.

भगिनींनो, बायकांचे विमान चालविणे काही आजचे नव्हे. १९३६ साली लाहोरास सरला ठकराल साडी नेसून 'जिप्सी मॉथ' विमानात बसल्या आणि एकट्या उडाल्या. वय २१, घरी चार वर्षांची लेक! त्या विमानास इंजिन एकच. म्हणजे सूनबाईंचा प्रश्न त्यांच्याही घरी कोणीतरी विचारलाच असेल.

त्याचे उत्तर मला २५ जुलै २०२२ च्या घटनेत मिळाले. बारामतीहून एक २२ वर्षांची शिकाऊ मुलगी 'सेसना १५२' हे लहान विमान घेऊन एकटीच निघाली होती. वाटेत इंजिनाची शक्ती गेली आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे विमान शेतात आदळत उतरले. विमानाची मोडतोड झाली. मुलीस किरकोळ दुखापत. गावकरी धावले आणि त्यांनीच तिला आधी सांभाळले.

माझी समजूत अशी, की इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते. तसे नाही. पंख असतातच, घार जशी पंख न हलविता तरंगते, तसे ते घसरत उतरते. हजार फूट उंचीवर असले, तर वारा नसताना सुमारे अडीच किलोमीटर जाते. मात्र नाक जरा खाली ठेवून वेग राखावा लागतो. घाबरून नाक वर ओढले, तर मात्र घात. तेवढ्या मिनिटा-दोन मिनिटांत मोकळी जागा हेरायची, विजेच्या तारा चुकवायच्या, वाऱ्याला तोंड द्यायचे. हे सारे आधी पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. आपण पोरींना पोहायला शिकवितो, तसेच.

परवा सुरूच्या बनापलीकडे आम्ही तिघी फिरावयास गेलो. सूनबाईंनी सहज विचारले, "इथे उतरशील?"

नात किनाऱ्याकडे पाहत राहिली. "ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. पण आज नाही. आज माणसं आहेत."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी प्रवेशाचा अर्ज वाचावयास मागितला.