मण्यांची माळ



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना मूल नाही म्हणून वर्षानुवर्षे सवतीचे टोमणे सोसत होती. आपल्या उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतही बोट आधी सुनेकडेच जाते. तिच्या देहातला हिशोब मात्र वैद्यकाला नीट कळून जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत.

१९२४ साली जपानचे डॉ. क्युसाकू ओगिनो यांनी दाखवले, की स्त्रीबीज सुटते ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी. म्हणजे मोजायचे ते मागून! ऑस्ट्रियाचे डॉ. हर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोहोचले. 'चौदावा दिवस' हा सर्वांच्या तोंडी असलेला आकडा २८ दिवसांच्या चक्रापुरता ठीक आहे. जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचे बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. तिने चौदावा धरला तर महिने वाया जातात. बीज एखादा दिवस टिकते, पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज सुटण्याआधीचे दिवसच मोलाचे. त्या दिवसांत स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ, ताणला जाणारा होतो.

पुढे हाच हिशोब मूल लांबवण्यासाठी वापरला गेला. ओगिनोंना ते पसंत नव्हते, कारण त्यात चुका फार होतात. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली इटलीतील सुईणींसमोर बोलताना गंभीर कारण असल्यास त्याला मुभा दिली. त्याच सुमारास आपल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले. म्हैसूर राज्यातील रामनगरम आणि दिल्लीची लोदी कॉलनी येथे बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. प्रयोग फारसा रुजला नाही. पाळी अनियमित असेल तर माळ काय करणार? आणि नवराच ऐकत नसेल तर?

तरी माळ परत आली. अमेरिकेतील जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठात ३२ मण्यांची नवी माळ तयार झाली. आपल्याकडे तिला 'माला चक्र' म्हणतात. ती २६ ते ३२ दिवसांच्या चक्रासाठीच आहे आणि तिच्यात आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे दिवस गर्भधारणेचे धरतात. मूल हवे असणाऱ्या जोडप्यालाही तेच दिवस उपयोगी.

हन्नेचा नवरा एल्काना याला पनिन्नेपासून मुले होती. आपल्याकडच्या बहुतेक नवऱ्यांजवळ असा पुरावा नसतो. वर्षभर प्रयत्न करूनही (पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांनी) दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावे. पुरुषाची तपासणी सोपी आणि स्वस्त असते; ती सुरुवातीलाच करून घ्यावी.