हिवाळ्यातला खोकला आणि घणसोलीतला दमा

आरोग्य साक्षरतेवर संशोधन करायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी प्रश्नावली शोधतो. तयार मिळते, प्रमाणित असते, सिनॉप्सिसमध्ये शोभूनही दिसते. पण प्रश्नावलीलाही जन्मगाव असतं. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसत नेणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, त्याच्या इतिहासात हे स्पष्ट दिसतं.

दम किती लागतो हे मोजण्याची आज जगभर वापरली जाणारी श्रेणी चार्ल्स फ्लेचर यांच्या कामातून आली. १९४० आणि ५० च्या दशकांत ते वेल्समधल्या कोळसा खाण कामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करत होते. त्या श्रेणीत 'थोडा चढ चढताना दम लागतो का' हे आलं. पुढे १९६० मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने श्वसनाच्या लक्षणांची प्रश्नावली काढली. तिचा सुरुवातीचाच प्रश्न होता हिवाळ्यात सकाळी उठल्याउठल्या येणाऱ्या खोकल्याचा. १९५२ च्या लंडनमधल्या जीवघेण्या धुरक्यानंतर तिथे हा प्रश्न अगदी रास्त होता.

आता हेच प्रश्न घेऊन घणसोली गावात चला. ठाणे खाडीकाठचं हे आगरी-कोळी गाव. १९६० च्या दशकात शेजारी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने आले, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि भातशेतीच्या जागी शहर उभं राहिलं. इथे 'चढ' विचारण्यापेक्षा स्टेशनचा जिना विचारलेला बरा. 'हिवाळा' विचारला तर पावसाळ्यातल्या दमट घरात वाढणारा खोकला निसटू शकतो. कफ वर्षातून किमान ३ महिने, सलग २ वर्षं पडतो का, ही क्रॉनिक ब्राँकायटिसची व्याख्या. पण आपल्याकडे आजार महिन्यांत कोण मोजतं? गणपतीपासून शिमग्यापर्यंत, असं सांगतात.

नावाचंही तसंच. सीओपीडी हे नाव १९६० च्या दशकात रूढ होऊ लागलं. मराठी बोलण्यात मात्र अस्थमाही दमा आणि सीओपीडीही दमा. त्यात १९६२ पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमामुळे लांबलेला खोकला म्हणजे टीबीची शंका, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. मग 'तुम्हाला सीओपीडी आहे का' याचं उत्तर 'नाही, दमा आहे' असं येतं, आणि आपण कागदावर 'माहिती नाही' अशी खूण करतो.

धुराचीही गोष्ट आहे. जुन्या प्रश्नावल्या सिगारेटचा हिशेब बारकाईने ठेवतात. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे, विशेषतः चुलीच्या धुराकडे, लक्ष वेधलं. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली आजी विडीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणते आणि धोक्याच्या यादीतून बाहेर पडते.

डॉन नटबीम यांनी २००० मध्ये आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या: माहिती समजणं, डॉक्टरांशी बोलून ती वापरणं आणि परिस्थितीलाच प्रश्न विचारणं. पण मोजमाप बऱ्याचदा पहिल्याच पायरीवर थांबतं. १९९१ च्या 'रिआल्म' चाचणीत तर वैद्यकीय शब्द फक्त मोठ्याने वाचायचे असतात. अर्थ विचारतच नाहीत.

याचा फटका रुग्णाला बसतो. प्रबंधात 'साक्षरता कमी' असं आलं की शिफारस ठरलेली: पत्रक वाटा. पण 'बरं वाटलं की पंप बंद' करणाऱ्या माणसाला पत्रक नको असतं. हा दमा बरं वाटलं तरी आत असतोच, हे त्याच्या शब्दांत सांगणारं कुणीतरी हवं असतं.

म्हणून, भाषांतर करण्याआधी प्रत्येक प्रश्न कुणासाठी, कुठे आणि कधी लिहिला गेला ते शोधा. मग गावातल्या चार-पाच जणांना तो विचारा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पायलट स्टडी त्यानंतर.