यंत्रातला हात

मराठीत तबलजीचे कौतुक करताना 'हात' हा शब्द हमखास येतो. एखाद्याचा हात गोड असतो, एखाद्याचा तयार, एखाद्याचा जड. ठेका सर्वांचा एकच. त्रितालाच्या सोळा मात्रांवर कोणाची खासगी मालकी नाही. वेगळा असतो तो हात. या शब्दाची आठवण आम्हांला झाली ती वरकरणी अगदी परक्या विषयाच्या निमित्ताने. १९८० साली अमेरिकेत एक नवे ड्रमयंत्र आले. त्याच्याविषयी वादकांनी ज्या आशा आणि ज्या शंका बाळगल्या, त्यांचा हा धावता इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे.

ताल देणारी यंत्रे त्याआधीही होती. पण त्यांतला ढोल हा खऱ्या ढोलाचा आवाज नव्हता. विद्युतमंडलातून काढलेली ती ढोलाची नक्कल होती. रॉजर लिन या गिटारवादकाने वेगळी वाट धरली. खऱ्या ड्रमवर खऱ्या वादकाने मारलेले सुटे आघात ध्वनिमुद्रित करायचे, त्यांचे आकड्यांत रूपांतर करून ते चिपमध्ये साठवायचे, आणि बटण दाबताच तोच आघात पुन्हा ऐकवायचा. या साठवलेल्या आघाताला 'सँपल' म्हणजे ध्वनिनमुना म्हणतात. लिनच्या 'एलएम-१' या यंत्रात असे बारा ध्वनी होते. झांजेचा मोठा आवाज मात्र नव्हता. झांज दीर्घकाळ घुमते, आणि तेवढी स्मृती त्या काळी परवडणारी नव्हती. यंत्राची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती. त्याच वर्षी आलेले रोलँड कंपनीचे नक्कल-पद्धतीचे 'टीआर-८०८' सुमारे १,२०० डॉलरला मिळत असे. साहजिकच एलएम-१ची जेमतेम पाचशेच्या आसपास यंत्रे तयार झाली. पण ज्या हातांत ती पडली, ते हात त्या दशकाचे संगीत घडवणारे होते.

आशा कोणत्या होत्या? पहिली आशा एकट्या रचनाकाराची. मध्यरात्री चाल सुचली तर सोबतीला वादक कुठून आणायचा? यंत्र थकत नाही, उशिरा येत नाही, लय सोडत नाही. इंग्लंडच्या 'ह्यूमन लीग'ने १९८१ सालचा 'डेअर' हा संग्रह ड्रमवादकावाचून केला. बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवणाऱ्या प्रिन्सला तर हे यंत्र मनाजोगते भेटले. त्यातल्या प्रत्येक ध्वनीची पट्टी वेगळी खालीवर करता येई. ती सोय वापरून त्याने ओळखीच्या ठोक्यांचे अनोळखी ठोके केले. १९८४ सालच्या 'व्हेन डव्ज क्राय'मध्ये त्याने बास गिटार वगळली आणि यंत्राच्या त्या ठोक्यांवर गाणे तोलून धरले.

शंका दोन प्रकारच्या होत्या, आणि त्यांची गल्लत करू नये. एक शंका पोटाची. ध्वनिमुद्रणाच्या तासांवर घर चालवणाऱ्या वादकाला हे यंत्र स्पर्धक वाटले तर त्यात नवल नाही. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेत १९८२ साली सिंथेसायझर आणि ड्रमयंत्रे यांच्यावर बंदी मागणारा ठराव पुढे आला. बंदी प्रत्यक्षात आली नाही, पण भीती खरी होती. दुसरी शंका कलेची. माणूस एकच आघात दोनदा तंतोतंत सारखा करू शकत नाही. यंत्र मात्र तोच आघात हजारदा, केसभरही न बदलता देते. लय निर्दोष होते आणि त्यामुळेच निर्जीव होते, असा हा आक्षेप होता.

गंमत अशी की या दुसऱ्या शंकेची जाणीव यंत्रकर्त्यालाही होती. लिनने यंत्रात दोन सोयी ठेवल्या. एक चुकलेला आघात जागेवर आणून बसवणारी, आणि दुसरी त्याला जागेवरून किंचित हलवणारी. मात्रेचे लहान लहान समान भाग पाडले आणि त्यांतला प्रत्येक दुसरा भाग थोडा उशिरा वाजवला, तर लयीला झोल येतो. हा झोल टक्क्यांत मोजता येई. ५० म्हणजे सरळ चाल. ६६च्या आसपास जोडीतला पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट होतो. आपल्याकडे ठेका 'लोंबता' किंवा 'डुलता' आहे असे म्हणून आपण जे सोडून देतो, ते येथे आकड्यांत बसवण्याचा प्रयत्न झाला. तो पुरता साधला असे नाही. पण आक्षेपाला उत्तर देताना यंत्राची घडण बदलली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दोन्ही पक्षांना जे दिसले नाही ते पुढे घडले. वापरणाऱ्याने स्वतःच ध्वनी भरावेत अशी यंत्रे आली. १९८७ साली ई-म्यू कंपनीचे 'एसपी-१२००' आले. लिनची स्वतःची कंपनी १९८६ साली बंद पडली होती. त्याने जपानच्या अकाई कंपनीसाठी रचलेले 'एमपीसी-६०' १९८८ साली आले. एसपी-१२००मध्ये एकूण सुमारे दहा सेकंदांचा ध्वनी मावे, आणि एका नमुन्याला अडीच सेकंदांची मर्यादा. न्यूयॉर्कच्या हिप-हॉप रचनाकारांनी त्यावर युक्ती काढली. ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांनी फिरवून ध्वनी भरायचा आणि यंत्रात तो पुन्हा खाली उतरवायचा. जागा वाचली; शिवाय आवाजाला एक खरखरीत पोत आला, आणि तोच पुढे शैली ठरला. छंदाच्या बंधनातून कवितेला तिची चाल मिळते, हे आपण वर्गात शिकवतो. जात्याच्या फेऱ्यावर ओवी बेतणाऱ्या बायकांना ते शिकवावे लागले नव्हते.

पण खरा पेच येथेच सुरू होतो. यंत्रात भरलेले ते आघात आले कुठून? जुन्या तबकड्यांवरून. 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाने १९६९ साली मुद्रित केलेल्या 'आमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमन काही सेकंद एकटाच ड्रम वाजवतो. तो तुकडा पुढे हजारो गीतांत गेला. इंग्लंडमधला नव्वदीच्या दशकातला एक संगीतप्रकारच त्यावर उभा राहिला. कोलमन २००६ साली विपन्नावस्थेत वारला. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका असाच सर्वत्र पसरला. गीताचे कर्तेपण मात्र ब्राउनच्या नावावर होते. १९९१ साली अमेरिकी न्यायालयाने परवानगीवाचून नमुना उचलणे बेकायदा ठरवले. त्याचा लाभ मुख्यतः गीताचे आणि तबकडीचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांना झाला. कायद्याच्या लेखी चाल ही रचना. ठेका धरणारा हात रचनेत मोजला जात नाही. स्टबलफील्ड २०१७ साली गेला. त्याच्या आजारपणातला रुग्णालयाचा खर्च प्रिन्सने गाजावाजा न करता भरला होता, हे प्रिन्सच्या मृत्यूनंतर, २०१६ साली त्यानेच सांगितले. ड्रमयंत्राने ज्याला कीर्ती दिली, त्याने एका हाताचे ऋण अशा रीतीने फेडले.

यंत्राला हात लाभतो का, या प्रश्नाचे उत्तर डेट्रॉइटच्या जे डिला याने दिले. त्याच्या ठेक्यात काही आघात किंचित आधी पडतात, काही किंचित मागे. ऐकणारा क्षणभर अडखळतो आणि मग डोलू लागतो. त्याने लय सुधारण्याची सोय सरळ बंद ठेवली, असे सर्रास सांगितले जाते. डॅन चारनास यांनी 'डिला टाइम' (२०२२) या ग्रंथात दाखवले आहे की हा ढिसाळपणा नसून आघात जाणीवपूर्वक सरकवण्याची रीत होती. डिला २००६ साली वारला. त्याचे 'एमपीसी-३०००' आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. निर्जीव म्हणून ज्याला नाके मुरडली गेली, ते यंत्र एका माणसाच्या हाताची खूण म्हणून जतन झाले.

म्हणजे शंका खोट्या ठरल्या का? आम्हांला तसे वाटत नाही. कलेविषयीची शंका कलावंतांनीच निकालात काढली; पोटाविषयीची शंका मात्र दुसऱ्याच दाराने आत आली. यंत्र आपली जागा घेईल अशी वादकांना भीती होती. कोलमन आणि स्टबलफील्ड यांच्या बाबतीत त्यांचे वाजवणेच यंत्रात राहिले आणि नाव बाहेर पडले. साहित्याच्या इतिहासात हे आपल्या परिचयाचे आहे. पोवाड्याच्या शेवटी शाहिराची नाममुद्रा असते. मागे डफ-तुणतुणे धरणाऱ्यांची नसते. कर्ता कोण हे ठरवताना आपण शब्दापाशी थांबतो, तसा कायदा चालीपाशी थांबला.

आज लिहिणारी आणि गाणारी यंत्रे आली आहेत आणि जुनाच वाद नव्याने रंगतो आहे. नवे यंत्र कोणाचे काम घेणार, हे विचारलेच पाहिजे. त्याच्या आत आधीपासून कोणाचे काम आहे, हा प्रश्न १९८० साली फारसा कोणी विचारला नव्हता. तो आता तरी विचारावा.