कार्ड क्रमांक १०६ आणि आमचा डबा

मंडळी, इतिहासाची साधनं म्हटली की ताम्रपट, बखरी, फर्मानं आठवतात. आज आम्ही बबलगमच्या पुडीतल्या कागदावर बोलणार आहोत. हसा, पण ऐका.

१९८७ साली क्रिकेटचा विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला. ३१ ऑक्टोबरला नागपूरच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी गावसकरनं नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकुलतं एक शतक. नागपूर म्हणजे आमच्या धामणगाव रेल्वेहून पुलगाव, वर्धा मागे टाकलं की आलंच. त्यामुळे गावात क्रिकेटचा ताप चढलेला, आणि त्याच सुमारास पोरांच्या गालात 'बिग फन'. पुडीत खेळाडूचं कार्ड निघे, त्यावर धावा किंवा बळी छापलेले. ठरावीक धावा-बळी जमले की कार्डं दुकानदाराला द्यायची आणि एक चिमुकलं पुस्तक घ्यायचं. अंगठ्याखालून पानं भरभर सोडली की त्यात फलंदाज फटका मारताना दिसे.

आता अमेरिकेत चला. तिथे बेसबॉलपटूंची कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे गमबरोबर आली. १९३३ साली बोस्टनच्या गाउडी कंपनीनं २४० कार्डांचा संच काढला. पोरांनी पैसे घालून घालून तो जमवला, पण १०६ क्रमांक कोणालाच मिळेना. मिळणार कसा? तो छापलाच नव्हता! तक्रारीची पत्रं गेली, तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजोई या निवृत्त खेळाडूचं कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना पाठवलं. संचातलं सर्वात दुर्मीळ कार्ड आज तेच.

आमच्या न्याय-वैशेषिकांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. वर्गात मुलं विचारायची, नसलेल्या वस्तूचा एवढा विचार काहून करायचा, सर? त्यांना हे कार्ड दाखवायला हवं होतं. १९३३ मधला १०६ चा अभाव हा प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा. १९५२ च्या टॉप्स संचाची न खपलेली खोकी कंपनीच्याच साय बर्गर यांनी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली, तो प्रध्वंसाभाव. पहिला केव्हातरी संपतो. दुसऱ्याला सुरुवात असते, शेवट नसतो.

आमच्या पोरांच्या कार्डांचं दुखणं मात्र आणखी वेगळं. अमेरिकन मुलगा कार्ड जमवून ठेवायचा, आपला मुलगा द्यायसाठीच जमवायचा. जो जितका चिकाटीचा, त्याचा डबा तितका रिकामा! म्हणून आज शोधायला निघालं की पुस्तकं भेटतात, कार्डं नाही. कापसाच्या धंद्यात असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे तीन पुस्तकं निघाली. कार्डांचं विचारलं तर म्हणाला, "ते त दुकानात देऊन टाकले नं सर!"

आता आमची कबुली. आमच्या चिरंजीवांनी एक कार्ड बदलीला दिलं नव्हतं. त्या एकानं धावा पुऱ्या होत होत्या, पुस्तक मिळत होतं, तरी नाही. बिस्किटांच्या डब्यात, मासिकातल्या कात्रणांखाली ठेवलेलं. एका परीक्षेच्या वर्षी गुण घसरले आणि आम्ही तो डबा न्हाणीतल्या बंबात रिकामा केला. तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आम्ही, आणि पाणी तापवलं कशावर, तर त्यावर. पोरगा काही बोलला नाही. आंघोळीलाही गेला नाही.

निवृत्तीनंतर शोध सुरू केला. आजवर सदतीस कार्डं जमली. त्यांतली अकरा दुबार. डबा इथे टेबलावर ठेवलाय, नंतर येऊन बघा, पण कडेनं धरा, फोटोवर बोट नको. चिरंजीव परदेशातून दिवाळीला येतात, डबा उघडतात, चाळतात आणि मिटून ठेवतात. ते एक अजून त्यात नाही. कोणाचं, हे आम्ही जाहीर सांगणार नाही. सांगितलं की भाव चढतो. तुमच्या घरी माळ्यावर काही असेल तर आणा. दुबार अकरा बदलीला आहेत.