माळ्याची गोष्ट

आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे, माळा. मुलगा म्हणतो, "आई, माळ्यावर छान खोली काढू. पूर आला तर पळापळ नको, आणि एरवी मुलांना अभ्यासाला जागा." आता जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईसमोर असा विषय काढला की ती आधी मागे जाणार, मग पुढे बघणार!

चिपळूणचं आमचं घर जांभ्याचं, कौलारू. माझ्या सासूबाईंच्या काळी माळा म्हणजे घराची तिजोरी होती. बियाण्याचं भात, आमसुलं, सुक्या मिरच्या, सुंभ, गणपतीचं मखर, सगळं वर. खालच्या चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडता पडता वासे काळे करी आणि बियाणं किडीपासून राखी. माणूस वर जाई तो काहीतरी ठेवायला नाहीतर काढायला. तिथे राहायला कोणी जात नसे.

पूर्वी कुंभारांनी घडवलेली नळीची कौलं असत आणि दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागे. १८६५ साली जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरजवळ जेप्पू इथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती मंगलोरी कौलं पुढे समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आली. कौलं बदलली, पण माळ्याचं काम तेच राहिलं.

माळ्यावर माणूस राहायला गेला तो मुंबईत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसं गिरण्यांत कामाला गेली. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा जण, पाळीपाळीने झोपायचं, आणि जागा पुरेना म्हणून पोटमाळा. गावी ज्या जागी आपण आमसुलं ठेवली, तिथे मुंबईत आपली माणसं झोपली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. काळोख्या, कोंदट घरांत ऊन-वारा शिरावा म्हणून सरकारी माणसांनी कितीतरी घरांची कौलं उतरवली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ साली. त्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, रुंद रस्ते आणि हवेशीर घरांसाठी. म्हणजे कारण पुरतं कळलं नव्हतं, तरी एक गोष्ट लोकांना कळली होती, की नुसतं छप्पर असलं म्हणून ती जागा राहण्याजोगी होत नाही.

हे सगळं वर्गात मी कितीदा शिकवलं असेन. पण माळ्याचा खरा धडा मिळाला २२ जुलै २०२१ ला. पहाटे पाणी अंगणात आलं आणि बघता बघता ओटीवर चढलं. माळ्याला उभी शिडी, अकरा पायऱ्यांची. मी कशीबशी वर गेले. ह्यांचे गुडघे आधीच गेलेले. मुलगा खालून ढकलतोय, मी वरून हात धरलाय, आणि हे मध्येच म्हणतात, "मला राहू द्या खाली." अर्धा तास गेला. तेवढ्यात पाण्याने शिडीच्या दोन पायऱ्या गिळल्या होत्या. मग दिवस आणि रात्र आम्ही मखराशेजारी बसून काढली. बाहेर बघायला एक काचेचं कौल, बस्स.

परवा इंजिनियर येऊन मोजमाप करून गेले. आढ्याखाली नऊ फूट, कडेला साडेतीन. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे उतरत्या छपराखालच्या राहत्या खोलीची सरासरी उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट हवी. आमची भरते जेमतेम सव्वासहा. छप्पर पावणेतीन फूट उचलायचं तर परवानगी हवी, खर्च मोठा, आणि जुन्या जांभ्याच्या भिंती तो भार पेलतील का हे आधी तपासायला हवं. शिवाय कौलांखाली एप्रिल-मेमध्ये काय भट्टी होते ते मला विचारा!

मुलगा हिरमुसला. मी म्हटलं, "अरे, खोलीचं राहू दे. आधी जिना कर." शिडी काढून रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला जिना. मागच्या भिंतीला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी. विजेची बटणं वरच्या अंगाला. पिण्याच्या पाण्याचा पिंप आणि ह्यांच्यासाठी एक खाट. एवढं झालं की माळा माळाच राहील, पण वेळेला माणसाच्या उपयोगी पडेल.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "जिना माजघरातून काढा, माझ्या खाटेपासून जवळ." त्या दिवशी खाली राहू द्या म्हणणारा माणूस आता पायऱ्या मोजतोय. काम दिवाळीनंतर सुरू करायचं ठरलंय, म्हणजे पुढच्या पावसाआधी होईल.