जुनं लोकगीत मोबाईलवर टाकताय? आधी बघा, हक्क कोणाचा!

गोंदिया : दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की रातभर चाललेली दंडार मोबाईलमध्ये रेकॉर्ड होते आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर दिसते. मग कधी सूचना येते, की या व्हिडिओतल्या गाण्यावर अमुक कंपनीचा हक्क आहे. गाणं तर आजीच्या आजीपासून चालत आलेलं, मग मधात कंपनी कुठून आली?

याचं कारण असं की एका गाण्यावर एकच हक्क नसतो. शब्द वेगळे, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग तर त्याहून वेगळं. जात्यावरची ओवी कोणाच्याच मालकीची नाही. पण तीच ओवी एखाद्या कंपनीने वाद्यं लावून रेकॉर्ड केली, तर त्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा हक्क लागतो. मूळ ओवीवर मात्र लागत नाही. ती तुम्ही स्वतःच्या गळ्याने, गावच्या चालीत खुशाल गा. कंपनीने नवीन जोडलेलं कडवं किंवा नवीन संगीत तेवढं उचलू नका.

आता मुदतीचं बघू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. रेकॉर्डिंगची ६० वर्षं ते बाजारात आलं त्या वर्षानंतर मोजतात. म्हणजे १९८० साली निघालेली कॅसेट २०४० संपेपर्यंत कंपनीचीच. कॅसेट जुनी, घासलेली, दुकानात मिळत नाही, याने काही फरक पडत नाही.

खरी गफलत होते ती ‘पारंपरिक’ या शब्दाने. खूप ऐकलेलं गाणं आपण पारंपरिक समजतो. बहिणाबाई चौधरींच्या ओळी कित्येकांना लोकगीतच वाटतात, पण त्या एका कवयित्रीच्या आहेत. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये निघालं, त्यामुळे त्या शब्दांची मुदत आता संपली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं तर आपल्याकडे घरोघरी. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणून हिशेबाने त्यांच्या शब्दांची मुदत २०२८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत जाते. चॅनलवर टाकून पैसे कमावायचे असतील तर भजनाच्या पुस्तकावर प्रकाशकाचं नाव बघा आणि लेखी विचारा. तुकाराम महाराजांच्या अभंगांना असा अडसर नाही, फक्त कोण्या गायकाचं रेकॉर्डिंग उचलू नका.

मग शोधायचं कुठे? सुरुवात कॅसेटच्या वेष्टनापासून किंवा पुस्तकाच्या पहिल्या पानांपासून करा. कंपनीचं नाव, साल, गीतकार तिथेच सापडतात. ‘गीत : पारंपरिक’ असं छापलं असेल तर ते फोटो काढून ठेवा, कंपनीनेच दिलेला तो कबुलीजबाब आहे. कंपनीचं नाव बदललं असेल तर नवीन नावाने शोधा. एचएमव्ही म्हणजे आजची सारेगामा. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम आयपीआरएस ही संस्था बघते, रेकॉर्डिंगचं पीपीएल. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही नोंदी असतात, पण नोंदणी सक्तीची नाही. म्हणून नोंद नाही सापडली तर हक्कच नाही असं समजू नका.

गाणं जुनं आहे याचा पुरावा जुन्या पुस्तकांत मिळतो. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत ज्या लिंगोचं नाव घेतात, त्याचं एक लांबलचक गोंडी गीत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी उतरवून घेतलं होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापलं गेलं. एवढ्या जुन्या पुस्तकावर आता कोणाचाच हक्क नाही, इंटरनेटवर ते फुकट वाचता येतं. जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रभर फिरून जमवलेला एक लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर बघा. तिथे गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नावसुद्धा दिलेलं असतं. त्यातली ओवी सर्वांची, पण तिथला ऑडिओ उचलण्याआधी परवानगीच्या अटी वाचा.

यूट्यूबचा दावा आला तर घाबरू नका. तो संगणकाने आवाज जुळवून केलेला असतो. गाणं खरंच पारंपरिक आणि आवाज तुमच्याच गावचा असेल तर हरकत नोंदवता येते. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. पण व्हिडिओमागे कॅसेट वाजत असेल तर हरकत घेऊ नका. प्रकरण वाढून स्ट्राइकवर जाऊ शकतं, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. तीच वरात यूट्यूबवर टाकली की मात्र त्या सुटीच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट आपण विसरतोच. गाणाऱ्या आजीलाही हक्क आहे. कायद्यात गाणारा ‘सादरकर्ता’ धरला जातो आणि त्याचा हक्क ५० वर्षं चालतो. लोकगीतं जपण्यासाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही, म्हणून बाहेरचा कोणी येऊन रेकॉर्ड करून गेला तर आजीच्या हाती एवढीच एक गोष्ट उरते. त्याने कागदावर अंगठा मागितला तर आधी तो कागद घरातल्या शिकलेल्याकडून वाचून घ्या. आणि रेकॉर्डिंग तुम्हीच करत असाल तर सुरुवातीलाच आजीच्या तोंडून तिचं नाव, गाव, तारीख, गाणं कोणाकडून शिकली आणि ते टाकायला तिची हो आहे का, एवढं बोलून घ्या.