गाण्यावरचे पहारे

संगीताचा मनावर परिणाम होतो, हे सिद्ध करावयास मोठ्या प्रमाणांची गरज नाही. पाळण्यातले मूल अंगाईने निजते, आणि रणवाद्ये वाजू लागली की भित्र्याचेही पाऊल पुढे पडते. प्रश्न आहे तो यापुढचा. ज्या वस्तूची मनावर एवढी सत्ता चालते, तिच्यावर सत्ता कोणाची असावी? इतिहासात हा प्रश्न वारंवार उभा राहिला, आणि शहाण्या माणसांनी त्याला बहुधा एकच उत्तर दिले : पहारा बसवा.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आदर्श राज्याचे चित्र रेखाटले. त्या राज्यातून लिडियन व आयोनियन स्वररचनांना त्याने हद्दपार केले. कारण त्या माणसाला शोकाकुल किंवा सुस्त करतात. धैर्य व संयम यांना पोषक म्हणून डोरियन व फ्रिजियन तेवढ्या ठेवल्या. अनेक तारांची वाद्येही त्याला नको होती. प्लेटो संगीताचा द्वेष्टा नव्हता. उलट संगीताची शक्ती त्याला पुरती ठाऊक होती, आणि म्हणूनच तो तिला भ्याला.

आपल्याकडे असा लेखी कायदा कोणी केला नाही. परंतु पहारे होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भजन-कीर्तन देवळात चालत असे. पण ख्यालगायकीची विद्या घराण्यांच्या कुलुपात, आणि तिचा आस्वाद दरबारात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात किंवा गणिकेच्या माडीवर. मध्यमवर्गीय गृहस्थाचा मुलगा गाण्याच्या नादी लागला, म्हणजे तो कामातून गेला, अशीच घरच्यांची समजूत असे.

या पहाऱ्यांना पहिला मोठा धक्का दिला तो कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाने. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ चा. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली, म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानिकाच्या मर्जीवर जगण्याऐवजी त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. फी भरावी, वर्गात बसावे, पुस्तक उघडावे आणि राग शिकावा, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी ती क्रांतीच होती. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी हातची गेली. १९३१ साली त्यांनी देह ठेवला; परंतु शिष्यांनी काम थांबवले नाही. त्यांच्यापैकीच नारायण मोरेश्वर खरे १९३० साली दांडीयात्रेत महात्माजींबरोबर भजने गात चालले होते. दरबारातले गाणे एका पिढीत रस्त्यावर आले होते!

पण, श्रोतेहो, इतिहासाचा जमाखर्च पुरा मांडला पाहिजे. गाण्याला घरंदाजपणा मिळवून देताना पलुसकरांनी चिजांतले शृंगारिक शब्द काढून तेथे भक्तिपर शब्द घातले. हाही पहाराच होता, जरी सद्‌हेतूने बसविलेला. आणि जिच्या गळ्याने हे गाणे पिढ्यानपिढ्या जपले, त्या गायिकेचे काय झाले? गाणे घरात आले. ती मात्र उंबरठ्याबाहेरच राहिली. १९२० नंतरच्या दशकात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा कोठे स्त्रीने हावभावांवाचून, केवळ स्वरांच्या बळावर श्रोत्यांसमोर बसावे ही रीत मान्य होऊ लागली. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर कलावंत समाजातून आल्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. आपल्या समाजाला मात्र अशा स्त्रियांना मानाने घरी बोलवायला फार काळ लागला.

स्वराज्य आल्यावरही पहारे उठले नाहीत. आकाशवाणीने १९४० पासूनच हार्मोनियमला दार बंद केले होते. तिच्या ठरीव पट्ट्यांतून मींड निघत नाही, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. तरीही बैठकीत पेटी वाजतच राहिली, आणि १९७१ साली बंदी उठली. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले, आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून हटली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. अखेर १९५७ साली सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

याच केसकरांच्या काळात, १९५२ सालीच, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. ज्याला मैफलीत कोणी बोलावले नसते, अशा शाळामास्तराने आणि कारकुनाने घरबसल्या थोर गवई ऐकले. त्यातून किती कान तयार झाले असतील! म्हणजे एकाच मंत्र्याने एक दार लावले आणि एक उघडले. लावलेले दार लोकांनी पाच वर्षांत उघडायला लावले. उघडलेल्या दारातून मात्र शास्त्रीय संगीत घरोघर शिरले.

माझ्या मते या सर्व इतिहासाचा निष्कर्ष हाच. संगीताने माणसाचे मन बदलते, हे प्लेटोचे म्हणणे खरे. पण ते बंदीने बदलत नाही, श्रवणाने बदलते. आपल्या मुलांच्या कानी पडणाऱ्या गाण्याबद्दल आज आपणही कुरकुर करतो. ते गाणे बंद करण्याच्या खटपटीत पडण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : दुसरे गाणे त्यांना आपण ऐकवले काय? कोणासाठी एखादे दार उघडले काय? ज्याला ‘होय’ म्हणता येईल, त्याला पहारा ठेवण्याची गरजच पडणार नाही.